धरण सिंचनाचं, तलाव पाखरांचा : इसापूर जलाशयाचा इतिहास, कायदा आणि जपणूक

पुसद : पावसाळ्यात इसापूरचं नाव बातम्यांत रोज असतं. किती टक्के भरलं, किती दरवाजे उघडले, पैनगंगेकाठच्या कोणत्या गावांना सतर्कतेचा इशारा दिला. दिवाळीनंतर बातमी बदलते. कालव्याला पाणी कधी सुटणार, किती पाळ्या मिळणार. मार्चपासून तिसरी बातमी सुरू होते : नदीपात्र कोरडं पडलं, इसापूरचं पाणी सोडा.

या तिन्ही बातम्यांत इसापूर म्हणजे पाण्याची टाकी. किती भरली अन् किती उपसली, एवढाच हिशेब. पण याच पाण्यावर दर हिवाळ्यात हिमालयापलीकडून पाखरं येतात, उघड्या पडलेल्या बेटांवर सुरय अंडी घालतात, भोई बांधवांचे डोंगे चालतात आणि गाळपेरीत हरभरा उभा राहतो. सरकारनेही हे मान्य केलं आणि इसापूरला अभयारण्याचा दर्जा दिला. तरी 'धरणाला कसलं अभयारण्य?' असा प्रश्न तालुक्यात आजही विचारला जातो. प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचं उत्तर समजून घेण्यासारखं आहे. म्हणून हा माहितीपर लेख.

एका नजरेत इसापूर

- नदी : पैनगंगा
- ठिकाण : इसापूर, ता. पुसद, जि. यवतमाळ, जलाशयाचा पसारा यवतमाळ आणि हिंगोली या दोन जिल्ह्यांच्या हद्दीवर
- प्रकल्प : ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्प
- धरणाचा प्रकार : मातीचं धरण, उंची सुमारे ५७ मीटर, लांबी ४ किलोमीटरपेक्षा थोडी जास्त
- पूर्णत्वाचं वर्ष : १९८२
- पूर्ण संचय पातळी : ४४१ मीटर
- उपयुक्त साठा : सुमारे ९६४ दशलक्ष घनमीटर, म्हणजे साधारण ३४ टीएमसी
- मृतसाठा : सुमारे ३१५ दशलक्ष घनमीटर
- कालवे : डावा आणि उजवा, लाभ यवतमाळ, हिंगोली व नांदेड जिल्ह्यांना
- अभयारण्य : २०१४ पासून, क्षेत्र सुमारे ३७.८ चौरस किलोमीटर

एक दशलक्ष घनमीटर म्हणजे दलघमी, म्हणजेच १०० कोटी लिटर. यावरून साठ्याचा अंदाज येईल.

धरण आलं कसं

पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगररांगेत बुलढाणा जिल्ह्यात उगम पावते. वाशीम, हिंगोली करत ती यवतमाळच्या दक्षिण हद्दीने वाहते आणि शेवटी वर्धा नदीला मिळते. विदर्भ आणि मराठवाडा यांच्यामधली ही सीमेची नदी. इंग्रजी अमलात उत्तरेचा काठ वऱ्हाडात होता आणि दक्षिणेचा काठ निजामाच्या राज्यात. दोन राज्यांच्या मधल्या नदीवर मोठं धरण कोण बांधणार? महाराष्ट्र राज्य झालं, दोन्ही काठ एका सरकारखाली आले, तेव्हा ते शक्य झालं.

पुसद भागात धरणांचा काळ तेव्हाच सुरू झाला. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. पूस नदीवरचं वरचं धरण १९७१ मध्ये झालं, महागावकडचं निम्न पूस १९८३ मध्ये, दिग्रसचं अरुणावती १९९४ मध्ये. इसापूर या सगळ्यांत मोठं. कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू मुलखाला पाणी द्यायचं, हाच हेतू. पाखरांचा विचार तेव्हा कोणाच्या कागदावर नव्हता, आणि असण्याचं कारणही नव्हतं.

धरणाची किंमत बुडीत क्षेत्रातल्या गावांनी मोजली. नदीकाठची काळी जमीन, आमराया, देवळं, स्मशानं पाण्याखाली गेली आणि माणसं पुनर्वसित गावठाणांवर गेली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ साली केला, पण कायदा होणं आणि गावठाणात नळ येणं यात किती अंतर असतं, हे प्रकल्पग्रस्तांना सांगायला नको. त्यात पाण्याचा मोठा वाटा गेला नांदेड-हिंगोलीकडे आणि धरणाचा कारभारही नांदेडच्या कार्यालयातून चालतो. म्हणून 'धरण उशाला अन् कोरड घशाला' ही म्हण इकडच्या काठावर सहज तोंडात येते. अभयारण्याचा विषय निघाला की गावकरी आधी दचकतात, ते यामुळेच. एकदा जमीन गेली, आता पाण्यावर जाणंही बंद होणार का, ही त्यांची भीती.

बांधलेला तलाव जंगली होतो कसा

मातीची भिंत घातली म्हणून पाखरं येत नाहीत. पाखरं येतात ती पाण्याच्या चढ-उतारामुळे. इसापूरचं वर्ष साधारण असं चालतं.

जून ते सप्टेंबर पाणी चढतं. काठावरचं गवत, बाभळी, गाळपेरीची धसकटं बुडतात. बुडालेला पाला कुजतो, त्यावर शेवाळ आणि किडे वाढतात आणि माशांच्या पिलांना चारा होतो. पाण्याच्या नव्या उथळ कडेला मासे अंडी घालतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी स्थिर होतं. निवळ पाण्यात पाणवनस्पती वाढतात. उत्तरेकडचे पाहुणे याच सुमारास उतरायला लागतात.

डिसेंबर ते फेब्रुवारी रब्बीची आवर्तनं सुटतात आणि पाणी हळूहळू उतरतं. उतरत्या पाण्यामागे ओल्या चिखलाचा पट्टा उघडा पडतो. त्यात गांडुळं, शंख-शिंपले, अळ्या असतात. लांब पायांची, लांब चोचींची पाखरं याच पट्ट्यावर जगतात. पाणी रोज थोडं थोडं उतरलं तर हा पट्टा रोज ताजा राहतो. एकदम उतरलं तर चिखल वाळून भेगाळतो आणि पाखरांचं ताट रिकामं होतं.

मार्च ते मे पाणी तळाकडे जातं. मध्येच उंचवटे, बेटं वर येतात. चारी बाजूंनी पाणी असलेल्या बेटावर कोल्हा-कुत्रा पोचत नाही, म्हणून नदी सुरय, टिटवीसारखी पाखरं तिथे उघड्यावर अंडी घालतात. पाणी आणखी उतरून बेट काठाला जोडलं गेलं की घरटी गेली समजा.

आता मृतसाठ्याची गोष्ट. कालव्याच्या तोंडाच्या खाली राहिलेलं पाणी कालव्यात जाऊच शकत नाही, म्हणून अभियंत्यांच्या भाषेत तो 'मृत'. बातमीत 'इसापूर शून्य टक्क्यांवर' असं छापून येतं तेव्हाही तलावात हे सुमारे ३१५ दलघमी पाणी असतं. मे महिन्याच्या उन्हात माशांचं बियाणं वाचतं ते याच पाण्यात. काठच्या जंगलातली जनावरं रात्री येतात तीही याच पाण्यावर. कागदावर ज्याला मृत म्हटलं, तोच या तलावाचा जीव आहे. छोट्या धरणांना हा आधार नसतो. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी पाजणाऱ्या निळोणा आणि चापडोहने तळ गाठला, तेव्हा शहराचे हाल झाले ते सगळ्यांनी पाहिले. त्या तलावांतल्या मासळीचं आणि पाखरांचं काय झालं असेल, याचा विचार मात्र फारसा झाला नाही.

कोणती पाखरं, कुठून येतात

विदर्भातल्या मोठ्या जलाशयांवर हिवाळ्यात जी पाखरं दिसतात त्यांचे ढोबळ तीन गट पडतात.

पहिला गट लांबच्या पाहुण्यांचा. पट्टकादंब हा हंस तिबेट, लडाख, मंगोलियाच्या पठारावर वीण करतो आणि हिमालय ओलांडून खाली येतो. डोक्यावर दोन काळे पट्टे असतात, त्यावरून ओळखू येतो. चक्रवाक नारंगी रंगाचा, बहुधा जोडीने दिसणारा. तलवार बदक, थापट्या ही बदकं उत्तर आशिया-युरोपातून येतात.

दुसरा गट आपल्याकडेच फिरणाऱ्यांचा. रंगीत करकोचा, चमचा, उघड्या चोचीचा करकोचा, पाणकावळे, बगळे, वारकरी. जिथे पाणी तिथे ही पाखरं जातात. एका धरणात पाणी आटलं की दुसऱ्यावर. म्हणून इसापूर, पूस, अरुणावती, बेंबळा, अडाण हे सगळे तलाव पाखरांसाठी एकाच साखळीच्या कड्या आहेत. एक कडी तुटली की भार दुसरीवर पडतो.

तिसरा गट कायमच्या रहिवाशांचा. अडई, धनवर म्हणजे हळदी-कुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी, टिटवी, खंड्या, शेकाट्या आणि नदी सुरय. यांतल्या नदी सुरयला जागतिक पातळीवर 'असुरक्षित' प्रजाती मानलं गेलं आहे. कारण तेच : नदीतली वाळूची बेटं वाळूउपशाने गेली, आणि धरणातली बेटं पाण्याच्या अचानक चढ-उताराने धोक्यात आली.

तलावावर पोट असलेली माणसं

इसापूर काही निर्मनुष्य तलाव नाही. तीन प्रकारची माणसं त्याच्यावर जगतात.

मासेमार : मोठ्या जलाशयांत मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभागामार्फत ठेक्याने दिला जातो आणि सहकारी संस्थांचे सभासद मासे धरतात. कटला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडलं जातं. मरळ, वाम, शिंगी हे इथलेच. जाळ्याची आस किती मोठी, हा इथला कळीचा मुद्दा. बारीक आसाचं जाळं लावलं की पिलंही जातात, आणि दोन वर्षांनी जाळं रिकामं येतं. पाखरांचं आणि मासेमाराचं नुकसान त्याच जाळ्याने होतं.

गाळपेर करणारे : पाणी उतरल्यावर उघडी पडलेली जमीन जलसंपदा विभागाची असते. ती हंगामापुरती भाडेपट्ट्याने देताना प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य असतं. ओल असते, गाळ सुपीक असतो, त्यामुळे हरभरा, गहू, भाजीपाला, टरबूज-काकडी बिनखर्ची येते. ज्यांची जमीन बुडाली त्यांना वर्षातून चार महिने तीच जमीन परत मिळते, असं हे नातं आहे.

गुराखी : मार्चनंतर आजूबाजूला हिरवं गवत राहत नाही, तेव्हा ढोरं तलावाच्या काठावर येतात.

या तिघांना बाजूला ठेवून तलाव जपता येणार नाही. कारण तलावात काय चाललंय हे रोज बघणारे डोळे तेच आहेत. रात्री कोणी सुरुंग लावला, कोणी पाण्यात विष टाकलं, शिकारी कुठून आले, हे वनरक्षकाच्या आधी त्यांना कळतं.

कायदा काय म्हणतो

इथे थोडी गुंतागुंत आहे, पण ती माहीत असलेली बरी.

पाणथळ जागांसाठी केंद्र सरकारने २०१७ साली नवे नियम केले. त्या नियमांत पाणथळ जागेची व्याख्या करताना पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले आहेत. म्हणजे या नियमांच्या नजरेत इसापूर ही पाणथळ जागाच नाही. आपल्या जिल्ह्यातले जवळपास सगळे मोठे तलाव सिंचनाचे किंवा नळयोजनेचे. त्यामुळे त्या नियमांचं कवच जिल्ह्यातल्या पूस, अरुणावती, बेंबळा अशा तलावांनाही मिळत नाही.

इसापूरला संरक्षण मिळतं ते दुसऱ्या कायद्याने : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२. अभयारण्य झाल्यामुळे पुढच्या गोष्टी लागू होतात.

- कलम २९ : परवानगीशिवाय अभयारण्यातल्या वन्यजीवांचा किंवा त्यांच्या अधिवासाचा नाश करता येत नाही. अभयारण्यात येणारा किंवा बाहेर जाणारा पाण्याचा प्रवाह वळवणं, अडवणं, वाढवणं हेसुद्धा या कलमात येतं. म्हणजे नवीन उपसा योजना किंवा नवीन बांधकाम करायचं तर वन्यजीव विभागाला विचारावं लागतं.
- कलम ३२ : वन्यजीवांना अपाय करणारी रसायनं, स्फोटकं वापरायला बंदी. सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारणं हा यात थेट गुन्हा.
- कलम ३३ : अभयारण्याचं व्यवस्थापन मुख्य वन्यजीव रक्षकाकडे. गुरांच्या चराईचं नियमन याच कलमात आहे. लक्षात घ्या, या कलमाने चराईचं नियमन, नियंत्रण किंवा गरज पडल्यास मनाई करता येते. अभयारण्यात सरसकट चराईबंदी असते हा समज खरा नाही.
- कलम २४ : हक्कांची चौकशी करताना जिल्हाधिकारी मुख्य वन्यजीव रक्षकाशी सल्लामसलत करून एखादा जुना हक्क पुढे चालू ठेवू शकतात.
- कलम ३३ ब : अभयारण्यासाठी सल्लागार समिती. तिच्यात स्थानिक आमदार, पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्था आणि मानद वन्यजीव रक्षक असतात.

हे शेवटचं कलम काठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने वाचावं. आपलं म्हणणं मांडायची जागा कायद्यात आहे, ती मागून घ्यावी लागते.

दुसऱ्या तलावांनी दिलेले धडे

माणसाने बांधलेला आणि पाखरांनी स्वीकारलेला तलाव हा काही इसापूरचाच चमत्कार नाही. तीन उदाहरणं इथे कामाची आहेत.

नवेगाव बांध : गोंदिया जिल्ह्यातला हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं मानतात. झाडीपट्टीतल्या कोहळी समाजाने असे असंख्य तलाव धानासाठी बांधले. तलाव गावाचा, पाण्याच्या वाटपाचे नियम गावाचे, दुरुस्तीही गावाची. दोनशे-अडीचशे वर्षं हे चाललं आणि त्याच तलावाभोवती १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झालं. पुढे २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. मारुती चितमपल्ली यांच्यासारखा वनाधिकारी-लेखक इथेच पाखरं शिकला, आणि बरंचसं स्थानिक माणसांकडून शिकला. धडा असा : शेतीचं पाणी आणि पाखरांचं पाणी एकाच तलावात नांदू शकतं, पण तलावाला धनी हवा.

नांदूर मध्यमेश्वर : नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात गोदावरीवर शंभर वर्षांहून जुना दगडी बंधारा आहे. त्यात गाळ साचत गेला, उथळ बेटं आणि दलदल तयार झाली, आणि पाखरांची रीघ लागली. १९८६ मध्ये अभयारण्य झालं. २०२० च्या जानेवारीत त्याला महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून मान मिळाल्याचं जाहीर झालं. रामसर हा १९७१ चा पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय करार, आणि त्या करारात मानवनिर्मित तलावही बसतात. धडा असा : देशाच्या नियमांनी वगळलं तरी जग वगळत नाही, मात्र नोंदी हव्यात, पक्षीगणना हवी, वर्षानुवर्षांची.

भरतपूर : राजस्थानातलं केवलादेव हे जगप्रसिद्ध पक्षी उद्यानही मानवनिर्मितच. संस्थानिकांनी बंधारे घालून बदकांच्या शिकारीसाठी तयार केलेलं. १९८२ मध्ये तिथे गुरांच्या चराईवर एकदम बंदी आली. संघर्ष पेटला, पोलिसांच्या गोळीबारात गावकऱ्यांचे जीव गेले. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात दिसलं की म्हशी बंद झाल्यावर पाण्यातलं गवत बेसुमार माजलं, उघडं पाणी कमी झालं आणि पाणपक्ष्यांचंच नुकसान झालं. आणखी पुढे वरच्या धरणातून पाणी मिळेना म्हणून उद्यान कोरडं पडायची वेळ आली. धडा सरळ आहे : माणसं आणि ढोरं हटवली म्हणजे तलाव वाचला असं होत नाही, आणि पाणीच आलं नाही तर अभयारण्याची पाटी कामाची नाही.

आज धोका कशाचा

पाण्यावरचा ताण : नदीच्या वरच्या अंगाला वाशीम जिल्ह्यात बॅरेज झाले. खालच्या अंगाला उमरखेड, हिमायतनगर, किनवटकडची गावं दर उन्हाळ्यात नदीपात्रात पाणी मागतात, आणि ती मागणी न्याय्य आहे. त्याच पात्रावर सहस्रकुंड आहे, पैनगंगा अभयारण्यातली जनावरं आहेत. टंचाईच्या वर्षी नांदेड शहरालाही इसापूरचं पाणी लागतं. एक तलाव, मागणारे अनेक.

काठावरची फवारणी : गाळपेरीच्या पिकावर मारलेलं औषध पहिल्या पावसात थेट पाण्यात जातं, मध्ये बांध नाही की नाला नाही. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. माणसाला जे मारतं ते मासोळीला आणि तिला खाणाऱ्या पाखराला सोडत नाही.

बेशरम आणि जलपर्णी : बेशरमचं झुडूप काठावर एकदा पसरलं की उथळ चिखलाचा पट्टाच झाकून टाकतं. सांडपाणी आणि खताचा अंश आला की जलपर्णी वाढते. दोन्ही वेळेत काढली तर सोपं, माजू दिली तर मशीन लागतं.

गाळ : वरचे डोंगर उघडे पडले की माती तलावात येते. गाळ आधी मृतसाठ्याच्या जागेत बसतो. म्हणजे ज्या पाण्यावर तलावाचा जीव, तीच जागा आधी कमी होते.

नवे उपयोग : जलाशयावर तरंगते सौर प्रकल्प, पिंजरा मत्स्यपालन, बोटिंग यांची चर्चा आता सगळीकडे आहे. जायकवाडी हेही पक्षी अभयारण्य; तिथे तरंगत्या सौर प्रकल्पाला मासेमारांनी विरोध केला आणि प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. वीज हवीच. पण पाण्याचा कोणता भाग झाकला जाणार, हे ठरवताना तिथे कोण राहतं, कोण जाळं टाकतं, हे आधी विचारायला हवं.

निर्णय होतो कुठे

तलावाचं भवितव्य खरं म्हणजे एका बैठकीत ठरतं. पावसाळा संपल्यावर, साधारण १५ ऑक्टोबरचा साठा धरून, पाण्याचं नियोजन होतं आणि कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आवर्तनं ठरतात. रब्बीला किती, उन्हाळ्यात किती, पिण्यासाठी राखीव किती. या बैठकीत लोकप्रतिनिधी असतात, अभियंते असतात, लाभधारक शेतकऱ्यांचं म्हणणं येतं. तलावाच्या बाजूने बोलणारं मात्र सहसा कोणी नसतं.

इथून पुढे करता येण्यासारख्या गोष्टी फार मोठ्या खर्चाच्या नाहीत.

१. आवर्तन ठरवताना वन्यजीव विभागाचा अधिकारी आणि मासेमार संस्थेचा प्रतिनिधी बैठकीला बोलवावा.

२. मार्च ते मे या काळात पाणी सोडायचं तर शक्य तितकं हळूहळू, टप्प्याटप्प्याने सोडावं. तितकंच पाणी जातं, पण घरटी वाचतात. नदीपात्रासाठीचं पाणी आधीच नियोजनात धरलं तर आंदोलन झाल्यावर घाईने सोडायची वेळ येत नाही.

३. मृतसाठ्याला हात लावायचा तो फक्त पिण्याच्या पाण्यासाठी, आणि शेवटचा उपाय म्हणून.

४. गाळपेरीचे पट्टे देताना पाण्याच्या कडेचा काही पट्टा मोकळा सोडावा आणि बिनफवारणीची अट घालावी. गाळपेरीला तसंही खत-औषध कमीच लागतं.

५. जाळ्याच्या आसाचा नियम आणि विणीच्या काळातली मासेमारीबंदी मासेमार संस्थेनेच राबवावी. बंदीच्या काळात रोजगार म्हणून बेशरम-जलपर्णी काढायचं काम त्याच सभासदांना द्यावं.

६. दर हिवाळ्यात एकाच दिवशी इसापूर, पूस, अरुणावती, बेंबळा आणि शेजारच्या अडाणवर पक्षीगणना व्हावी. शाळा-महाविद्यालयांची मुलं हे काम करू शकतात. २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिवस त्यासाठी सोयीचा आहे.

७. वरच्या पाणलोटात माती अडवणं. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हा मंत्र पुसदच्याच सुधाकरराव नाईकांनी राज्याला ऐकवला. त्यांच्या तालुक्यातल्या तलावाला तो सगळ्यात आधी लागू आहे.

बघायला जाताना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर जावं. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी चक्रवाक आणि करकोचे साध्या डोळ्यांनी ओळखू येतात. धरणाच्या भिंतीवर आणि सांडव्याकडे परवानगीशिवाय जाऊ नये. चिखलाच्या पट्ट्यात पाय घालू नये, वरून वाळलेला दिसतो पण आत माणूस रुततो. उन्हाळ्यात बेटांवर उतरू नये आणि ड्रोन उडवू नये. पाखरू उठलं की अंडी उन्हात भाजतात. जेवणाचे डबे, प्लास्टिक परत आणावं. सुरुंग, विष किंवा शिकार दिसली तर स्वतः भिडू नये, जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाला किंवा वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावं.

शेवटी

'धरणाला कसलं अभयारण्य?' या प्रश्नाचं उत्तर असं आहे : नदी होती तेव्हा तिच्या डोहांत मासे होते, वाळूच्या बेटांवर सुरय होते. आपण नदी अडवली, तेव्हा त्यांना दुसरी जागा उरली नाही. ते तलावावर आले. ज्यांची जमीन बुडाली ती माणसं काठावर सरकली, तशीच ही पाखरंही सरकली. दोघेही एका अर्थाने इसापूरचे प्रकल्पग्रस्त. एकाचा हक्क काढून दुसऱ्याला द्यायचा नाही, दोघांचा मिळून पाण्यावर हिशेब मांडायचा आहे. यंदाच्या ऑक्टोबरमध्ये आवर्तनाची बैठक होईल तेव्हा टक्केवारीबरोबर हाही हिशेब टेबलावर यावा, एवढीच अपेक्षा.